अलाबामातल्या गावाला तलाव परत मिळाला तेव्हा

मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडसाठी आमचं स्मोकी माउंटन्समधलं केबिन बुक झालं होतं. हॉट टब, डोंगराचा व्ह्यू, सगळं. ते कॅन्सल केलं आणि मी, माझी आई आणि तेरा वर्षांची लेक तारा अशा तिघी अलाबामातल्या एका लहानशा गावी सार्वजनिक स्विमिंग पूलचं उद्घाटन बघायला गेलो. हे सांगितलं की लोक आधी हसतात. नवरासुद्धा हसला होता. त्याचं ऑफिसात काहीतरी रिलीज होतं, त्यामुळे तो घरीच राहिला आणि आता हळहळतोय.

याला कारण डेनिस. आम्ही दोघी रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये शेजारशेजारच्या बेंचवर काम करतो. माझं नाव संघमित्रा, पण तिच्यासाठी मी पहिल्या दिवसापासून मित्रा. मार्चमध्ये एका दुपारी डबा खाताना तिने फोनवर फोटो दाखवला. नुकताच निळा रंग दिलेला रिकामा पूल, आणि त्याच्या तळाशी खुर्ची टाकून एखाद्या राणीसारखी बसलेली तिची आई.

"मॉमने हा मिळवण्यात अर्धं आयुष्य घातलं," डेनिस म्हणाली. "मेमोरियल डेच्या शनिवारी उघडतोय. तू यायलाच हवं."

मग तिने गोष्ट सांगितली. गावात पूर्वी पोहण्याचा एक छान तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. साठच्या दशकात कोर्टाने तो सगळ्यांना खुला करायला सांगितलं. त्यावर गावच्या कौन्सिलने तलावातलं पाणी काढलं, ट्रकच्या ट्रक माती आणली आणि तो भरून टाकला. सगळ्यांनी मिळून पोहण्यापेक्षा कोणीच पोहायला नको. दक्षिणेत अशी गावं बरीच होती, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई वर्ध्याची. सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून रिटायर झाली आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे उत्तर कॅरोलायनात, कॅरीला आली होती. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"भरूनच टाकला?"

"हो."

"महाडला आपल्या लोकांनी पाणी प्यायलं, तर त्यांनी तळं शुद्ध करून घेतलं होतं," आई म्हणाली. "यांनी तर तळंच मारून टाकलं." मग पुन्हा कणकेकडे वळली. "केबिन-बिबिन राहू दे. इथंच जाऊ."

गुरुवार: कॅरी ते अटलांटा

कोणाला हा रस्ता करायचा असेल तर सांगते. कॅरीहून आय-फॉर्टीने पश्चिमेला जायचं, मग आय-एटीफाइव्ह पकडायचा की थेट माँटगोमेरीपर्यंत तोच. टोल नाही. शार्लटच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल तर सकाळी लवकर निघा. आम्ही तारामुळे उशिरा निघालो आणि अडकलो. रात्री मुक्काम अटलांटाला. तिथे डिकेटरमध्ये देशी दुकानांची रांगच आहे. आईला तिथे ताजी मेथी दिसली. मोटेलमध्ये मेथीचं काय करणार, असं विचारूनही तिने दोन जुड्या घेतल्याच. मेथी कारच्या मागच्या सीटवर तारासोबत पूर्ण अलाबामा फिरून आली.

शुक्रवार: माँटगोमेरी

अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं, हे लक्षात असू द्या. आम्ही आपोआप लवकर पोचलो आणि खूश झालो.

इथे टेकडीवर लिंचिंगमध्ये मारल्या गेलेल्या काळ्या लोकांचं स्मारक आहे. तिकीट अगदी किरकोळ. टोपी आणि पाणी न्या, सावली कमी आहे. गंजलेल्या पोलादाचे उंच खांब आहेत, एकेका खांबावर एकेका काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं नाव आणि तिथे मारलेल्यांची नावं. सुरुवातीला खांब आपल्यासमोर उभे असतात. पुढे जमीन उतरत जाते, खांब मात्र तिथेच टांगलेले राहतात आणि शेवटी ते आपल्या डोक्यावर लटकत असतात. काही जागी नावाऐवजी नुसतं 'अज्ञात' लिहिलंय.

ताराने इअरबड्स काढून खिशात ठेवले. मी तिला सांगितलं नव्हतं.

आई मान वर करून एकेक नाव वाचत चालली होती, वॉर्डात राउंड घेताना चालत असेल तशी, एकही बेड न चुकवता. बाहेर बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "खैरलांजीला असं काही बांधलंय का गं कोणी?"

"माहीत नाही, आई."

"बघशील जरा," ती म्हणाली. मग पाण्याची बाटली ताराच्या हातात देऊन तिला बळंच प्यायला लावली.

दुपारी आधीच गावी पोचलेल्या डेनिसचा फोन आला, की कुणाला पाण्यात उतरायचं असेल तर साधे कपडे चालत नाहीत, स्विमसूटच लागतो. ताराचा होताच. ती आजीला एका मोठ्या दुकानात घेऊन गेली आणि लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नेव्ही ब्लू पोशाख शोधून काढला.

"हे घालून मी काय करू? मी नाही उतरत बापा."

"जस्ट इन केस, आजी."

"आमच्या गावात विहिरीवर पोरं पोहायची ना, ती पाटलाची विहीर. आम्हाला काठावर उभं राहायचीही सोय नव्हती. आता या वयात काय शिकणार मी?"

ताराने पोशाख बास्केटमध्ये टाकला.

शुक्रवार संध्याकाळ: गाव

माँटगोमेरीहून तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना पाइन, मधेच कोंबड्यांच्या लांबच लांब शेड्स, मधेच पांढरं चर्च. हवा मात्र कोकणातल्या मे महिन्यासारखी, अंगाला चिकटणारी. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि अजून सगळेच या पूलवर खूश आहेत असं नाही.

मुक्काम हायवेलगतच्या मोटेलमध्ये. मालक किशोरभाई नवसारीकडचे. आमच्या तिघींचे चेहरे बघून त्यांनी आधी चहा ठेवला, खोलीची किल्ली नंतर दिली. उद्घाटनाला आलोय म्हटल्यावर तर जेवूनच जा म्हणायला लागले.

"मोटेल का छोटा पूल है ना, बेन," ते कुंपणाकडे बोट दाखवत म्हणाले. "गर्मी में गाँव के छोकरे लोग जाली पकड़के खड़े रहते थे. देखते रहते. इन्शुरन्सवाला बोलता था, बाहर का कोई नहीं चाहिए. मेरे को रोज देखना पड़ता था."

डेनिसची आई वर्षानुवर्षं दर निवडणुकीआधी त्यांच्या काउंटरवर यायची, मतदार म्हणून नाव नोंदवलं का विचारायची. मोटेलवाल्याला पॉलिटिक्सशी काय करायचंय, असं म्हणून ते टाळायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी नाव नोंदवलं आणि वर तलावाच्या मतदानाच्या मीटिंगांसाठी ब्रेकफास्टची खोलीही दिली. "मेरे वाफल मशीन के सामने बैठके पूरा इलेक्शन लड़ा," असं सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता!

रात्रीचं जेवण डेनिसच्या माहेरी. तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण काकू म्हणतो तसं. डेनिसची आई म्हणजे मिस लॉरेटा, सत्तरी ओलांडलेल्या, उंच, शाळेत जेवण बनवण्याचं काम करून निवृत्त झालेल्या. टेबलावर तळलेला कॅटफिश, तासन्‌तास शिजवलेली कॉलर्ड नावाची पालेभाजी, कॉर्नब्रेड, गोडाला पीच कॉब्लर. आईला पालेभाजी इतकी आवडली की तिने स्वयंपाकघरात जाऊन पातेलंच बघितलं. आणि मग आमची मेथी गाडीतून आत आली. दोघी निवडायला बसल्या.

आईचं इंग्रजी दवाखान्यातलं: बीपी, फिवर, पेन, हाऊ मेनी डेज. मिस लॉरेटांचा दक्षिणी हेल मलाही कधीकधी कळत नाही. तरी दोघींचं जमलं. मिस लॉरेटांनी विचारलं, तुम्ही काय काम करायचात? आई म्हणाली, "हॉस्पिटल. एव्हरीबडी कॉल मी सिस्टर."

मिस लॉरेटा हसायला लागल्या. "चर्चमध्ये मलाही सगळे सिस्टर म्हणतात."

तेव्हापासून त्या एकमेकींना सिस्टरच म्हणायला लागल्या.

जेवणानंतर अंधार पडायच्या आत त्यांनी आम्हाला जुनी जागा दाखवली. कोर्टहाउसमागे पार्क, पार्कात लांबट चौकोनी गवताचा तुकडा. बाजूच्या गवतापेक्षा जरा वेगळ्या रंगाचा. कडेला मिस लॉरेटांनी चपलेने माती सरकवली. खाली फरशी होती आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत तीन फूट खोलीची खूण अजून वाचता येत होती.

"तलाव भरला त्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ रेमंड नऊ. उकाडा मरणाचा. पोरं नदीवर जायची. त्याला पोहता येत नव्हतं, कुणालाच येत नव्हतं, शिकवणार कोण आणि कुठे? एक दिवस तो परत आला नाही."

आईला मी हळूच मराठीत सांगितलं. तिने मिस लॉरेटांचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

नव्या तलावाची कथा डेनिसने परतताना सांगितली. कौन्सिलपुढे मागणी पुन्हा पुन्हा आपटली. शेवटी असं ठरलं की गावानेच मतदान करून सांगावं, कर्ज काढून तलाव बांधायचा की नाही. मग मिस लॉरेटा दारोदार फिरल्या. त्यांच्यासोबत मिस्टर हॉलिस नावाचे गोरे गृहस्थ होते, विजेच्या खांबांवर काम करून निवृत्त झालेले. लहानपणी ते जुन्या तलावात पोहले होते. तो भरताना त्यांचे वडील कौन्सिलवर होते. कोंबडीच्या कारखान्यात काम करणाऱ्या ग्वाटेमालाच्या कुटुंबांतल्या आईवडिलांना मत नव्हतं, पण इथेच जन्मलेल्या त्यांच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना होतं. ती सगळी रांगेत आली. थोडक्या मतांनी का होईना, तलाव जिंकला.

मी मिस लॉरेटांना म्हटलं, "मला तुमचे आभार मानायचेत." गेल्याच वर्षी मी नागरिक झाले. त्या वेळी वाचलं होतं, की ज्या वर्षी यांच्या, काळ्या लोकांच्या, लढ्यातून मताचा हक्क पक्का करणारा कायदा झाला, त्याच वर्षी आमच्यासारख्यांना या देशात यायचं दार उघडणारा कायदाही झाला. त्या हवेत, त्या रेट्यात. माझी नोकरी, माझं घर, ताराची शाळा, सगळं त्या दारातून आत आलेलं. हे मी जरा अडखळतच सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या गावात कौन्सिलची मीटिंग कधी असते?"

मला माहीत नव्हतं.

"शोधून काढ," त्या म्हणाल्या. "आभार पोचले."

शनिवार: तलाव

मेयरचं भाषण लांबलं. पोरं स्विमसूट घालून एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. काळी, गोरी, ग्वाटेमालाची, किशोरभाईंची दोन नातवंडं. मिस लॉरेटा चर्चला जातात तशा नटून आल्या होत्या, पिवळा ड्रेस आणि पिवळी हॅट. त्यांनी रिबन कापली आणि मुलं ओरडत पाण्यात पडली. तो आवाज कसा लिहू? डेनिस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. तारा कधीच पाण्यात गेली होती.

मिस लॉरेटा मात्र सावलीतल्या बाकावर जाऊन बसल्या. डेनिसने बॅगेत त्यांचा नवा स्विमसूट आणला होता.

"मॉम, थोडं तरी?"

"मी तलाव मागितला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोहणं नव्हतं मागितलं."

डेनिसने मला बाजूला घेऊन सांगितलं, की रेमंड गेल्यापासून त्या कधी पाण्यात उतरल्याच नाहीत. समुद्रावर गेल्या तरी गाडीत बसून राहतात.

मी वळून बघते तर आई जागेवर नाही. थोड्या वेळाने ती चेंजिंग रूममधून बाहेर आली. नेव्ही ब्लू पोशाख, अंबाड्यावर ताराची स्विमिंग कॅप कशीबशी बसवलेली. आयुष्यभर साडी आणि पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये बघितलेली माझी आई. पाण्यातून ताराने अशी शिट्टी मारली की लाइफगार्डने वळून बघितलं.

आई सरळ बाकापाशी गेली. हात पुढे केला.

"कम, सिस्टर."

"तुम्हाला पोहता येतं?" मिस लॉरेटांनी विचारलं.

"नो."

"मलाही नाही."

"देन वी गो स्लो," आई म्हणाली. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा चालवताना ती हाच आवाज काढत असणार.

मिस लॉरेटांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग हॅट काढून त्यांनी डेनिसच्या हातात दिली आणि कपडे बदलायला गेल्या. इतका वेळ लागला की आम्हाला वाटलं, येत नाहीत आता. पण आल्या.

तलावाच्या एका बाजूला पायऱ्या नाहीत, समुद्रकिनाऱ्यासारखा उतार आहे. दोघी हात धरून उतरल्या. घोट्यापर्यंत पाणी आलं. मग गुडघ्यापर्यंत. तिथे मिस लॉरेटा थांबल्या. आई त्यांना पुढे ओढत नव्हती, मागेही नेत नव्हती. नुसती उभी होती.

आजूबाजूच्या मुलांना कोणी सांगितलं नाही, पण त्यांचं पाणी उडवणं थांबलं. मिस्टर हॉलिस कुंपणाशी उभे होते. त्यांनी टोपी काढली.

मिस लॉरेटा वाकल्या. ओंजळीत पाणी घेतलं, स्वतःच्या दंडावर सोडलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "रेमंड."

बस, तेवढंच. मग एक पाऊल, आणखी एक. पाणी कमरेपर्यंत आलं आणि आईच्या तोंडून खणखणीत वर्धेकरी निघालं, "अगं बापा, किती थंडगार आहे हे!"

"काय म्हणाल्या त्या?" मिस लॉरेटांनी ओरडून मला विचारलं. मी काठावरून भाषांतर केलं. त्या हसायला लागल्या, आई हसायला लागली, आणि दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की तोल जाऊन खांद्यापर्यंत भिजल्या. मग सगळा तलाव पुन्हा ओरडायला लागला.

मिस्टर हॉलिस माझ्याजवळ आले. त्यांना बहुतेक कुणाशी तरी बोलायचंच होतं. "माझ्या वडिलांनी हात वर केला होता, तलाव भरायच्या बाजूने," ते म्हणाले. "आमच्या घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही. लॉरेटाने माझं दार वाजवलं तेव्हा वाटलं, ही त्याचा जाब विचारणार. तिने विचारलं, हॉलिस, तुझी गाडी चालू स्थितीत आहे का? म्हाताऱ्यांना मतदानाला न्यायचंय."

रविवार, सोमवार: परत

रविवारी सकाळी चर्च, मग पुन्हा भरपेट जेवण. किशोरभाईंनी वाटेसाठी थेपले दिले आणि खोलीचं भाडं घ्यायला नकार दिला. आईने दटावल्यावर अर्धं घेतलं. येताना अटलांटाला न थांबता पुढे दक्षिण कॅरोलायनात मुक्काम केला, त्यामुळे सोमवारची गर्दी टळली. जाणार असाल तर मताच्या हक्काच्या मोर्चामुळे प्रसिद्ध झालेला सेल्माचा नदीवरचा पूलही थोडी वाट वाकडी करून बघता येतो, माँटगोमेरीहून जेमतेम तासाभराचा रस्ता. आमचा राहिला. पण तेवढ्यावर फिरू नका. लहान गावांत थांबा, जेवा, लोकांशी बोला.

आता कॅरीत येऊन तीन आठवडे झाले. आई कम्युनिटी सेंटरच्या सीनियर्सच्या पोहण्याच्या वर्गाला जाते. अजून काठ सोडत नाही. डेनिस सांगते की मिस लॉरेटा रोज सकाळी तलाव उघडायच्या आधी दारात हजर असतात आणि गेल्या बुधवारी त्या पहिल्यांदा पाठीवर तरंगल्या. मीही आमच्या टाउन कौन्सिलच्या मीटिंगला गेले. स्वस्त घरांचा विषय होता. तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी ती पुरी वापरली. निर्णय पुढे ढकलला गेला, म्हणजे मला परत जावं लागणार.

अशा प्रवासातून माणूस चिडून किंवा खचून परत येईल, असं मला निघताना वाटलं होतं. तसं थोडं झालंही. तो गवताचा चौकोन मी विसरणार नाही. पण मनात जास्त आहे ती कृतज्ञता. ज्यांचा तलाव बुजवला गेला त्यांनी इतकी वर्षं मागून, मतं मागून, दारं वाजवून तो परत मिळवला, आणि मिळाल्यावर दार सगळ्यांना उघडं ठेवलं. आम्हालाही, आमचा त्यात काडीचाही वाटा नसताना.

परवा आई वर्ध्याच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. कॅरीतसुद्धा कुठे नवीन मराठी ओळख झाली, की दोन मिनिटांत "पूर्ण नाव काय तुमचं?" येतं. आडनाव कळेपर्यंत समोरच्याला चैन पडत नाही. ते का विचारतात, हे आईला आणि मला विचारणाऱ्याइतकंच चांगलं माहीत असतं. मावशी तिला विचारत होती, "मग तिथं पाण्यात उतरायला काय काय लागलं? कोणाची ओळख लागली?"

"काही नाही ना," आई म्हणाली. "दारात एक पोरगी उभी होती. तिनं विचारलं, 'काकू, टॉवेल आणलाय का?' मी म्हटलं, आणलाय. ती म्हणाली, जा मग."